ताईला ताईच राहू द्या

पत्र

सप्रेम नमस्कार,

मी ४३ वर्षांचा आहे. मी चार वर्षांचा असताना वडील गेले. ताई तेव्हा दहाची होती. आई एका हॉस्पिटलमध्ये कामाला लागली आणि पुढची कित्येक वर्षं तिने रात्रपाळीच केली. रात्री घरात आम्ही दोघंच. मला अंधाराची फार भीती वाटायची. दर थोड्या वेळाने मी विचारायचो, "ताई, झोपलीस का?" ती दर वेळी म्हणायची, "नाही, जागी आहे." सकाळी आई यायची आणि चपला काढायच्याही आधी अंथरुणाशी येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघायची. ताप असो वा नसो.

शाळेत ताईची जुनी पुस्तकं मला आली. समासात तिने पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, "हे दोनदा वाच." ते तिने स्वतःसाठी लिहिलं होतं की माझ्यासाठी, हे मला अजून माहीत नाही. बारावीनंतर तिने नोकरी धरली आणि माझं शिक्षण त्या नोकरीवर झालं. आज माझं उत्तम चाललंय.

नऊ महिन्यांपूर्वी आई गेली. त्यानंतर महिन्याभराने मी ताईच्या खात्यात एक मोठी रक्कम भरली आणि तिला मेसेज केला, "तू केलंस त्याची परतफेड होणार नाही, पण एवढं घे. आता तूच माझी आई." तिने त्याच दिवशी पैसे परत पाठवले. सोबत एक शब्दही नाही. तेव्हापासून आम्ही बोलतो ते कागदपत्रांपुरतं.

मला दोन मुलं आहेत. मुलगी अकराची, मुलगा पाचचा. मुलीला मी नेहमी सांगतो, आत्यासारखी हो. पण आईने मला दिलं त्यातलं निम्मं तरी मी मुलांना देऊ शकेन का, याची धास्ती वाटते.

आईचा एक व्हॉइस मेसेज माझ्या फोनमध्ये आहे. चौदा सेकंदांचा. ती गेल्यापासून मी तो ऐकलेला नाही.

ताईच्या बाबतीत माझं काय चुकलं? आणि दुसरं, माझ्यात जे काही बरं आहे ते या दोघींनीच घातलेलं आहे. मग माझं असं काय आहे?

— धाकटा

उत्तर

नमस्कार,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा तुमच्या जागी बसून, एकदा ताईंच्या. दुसऱ्या वेळी मी ज्या ओळीवर अडले ती पैशांची नव्हती. "आता तूच माझी आई," ही ती ओळ.

तुम्ही ती मनापासून लिहिलीत. मोठ्या बहिणीचा याहून मोठा मान तो काय, असंच कोणालाही वाटेल. पण त्या दिवशी ताईंचीही आई जाऊन महिनाच झाला होता. त्या पोरक्या झाल्या आणि त्याच महिन्यात त्यांच्याकडे आईचं काम आलं. तेही अशा माणसाकडून, ज्याच्याजवळ बसून त्यांना पोटभर रडता आलं असतं. सकाळी घरात शिरणाऱ्या आईच्या पावलांचा आवाज आठवणारी जगात आता दोनच माणसं उरली आहेत. त्यातल्या एकाने दुसऱ्याला सांगितलं, की तू आता लेक नाहीस, आई आहेस. ताईंना हे शब्दांत मांडता आलं नसेल, म्हणून त्यांनी फक्त पैसे परत पाठवले असावेत.

आज रात्री एक करा. मुलगी झोपली की तिच्याजवळ जाऊन दोन मिनिटं तिच्याकडे नुसतं बघा. ती अकरा वर्षांची आहे. "जागी आहे" म्हणणारी ताई तिच्याहून एक वर्षाने लहान होती. त्या घरात रात्री दोन मुलं असायची, एक घाबरलेलं आणि एक घाबरलं नसल्याचं दाखवणारं. वडील तिचेही गेले होते. बाहेर काही खुट्ट झालं तर ते तिलाही ऐकू येत होतं. तुम्हाला विचारायला ताई होती. ताईने कोणाला विचारायचं? आणि त्या सगळ्या रात्री ती खरंच जागी होती का? माझी खात्री आहे, की कितीतरी वेळा तुमच्या हाकेने ती झोपेतून उठली असेल आणि "जागी आहे" म्हणाली असेल.

हे मी तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. चार वर्षांच्या पोराने अंधारात हाक मारली, यात कसला अपराध? पण इतकी वर्षं तुम्ही ताईंकडे अंथरुणाच्या तुमच्या बाजूने पाहत आलात. तुमच्या पत्रात ताई देणारी आहे, आई देणारी आहे आणि तुम्ही घेणारे. म्हणून तुम्हाला परतफेड सुचते, आणि म्हणूनच "माझं असं काय" हा प्रश्नही पडतो. मला वाटतं, दोन्हींचं मूळ एकच आहे. तो शेवटचा प्रश्न आधी घेते.

मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५०च्या दशकात युगांडात आया आणि त्यांची बाळं यांचं घरोघरी जाऊन निरीक्षण केलं. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला तेच काम त्यांनी वाढवलं आणि एक छोटासा प्रसंग रचला. साधारण वर्षाचं मूल, अनोळखी खोली, थोडी खेळणी. आई काही मिनिटांसाठी बाहेर जाते आणि परत येते. आपल्याला वाटेल, बघायचं ते आई गेल्यावर मूल किती रडतं हे. एन्सवर्थ यांचं जास्त लक्ष होतं ते आई परत आल्यावर मूल काय करतं याकडे. ज्या मुलाला आईचा भरवसा असतो ते तिच्याकडे झेपावतं, बिलगतं, हुंदके थांबतात. आणि मग, माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत सुंदर गोष्ट होते. ते मूल आईकडे पाठ करतं आणि पुन्हा खेळायला जातं. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी आणि एन्सवर्थ यांनी आईला मुलाचा "सुरक्षित तळ" म्हटलं ते याच अर्थाने. तळावरून निघायचं असतं आणि लागलं तर तिथे परत यायचं असतं.

आता सांगा, पाठ करून खेळण्यांकडे जाणं हे कोणाचं? ते मुलाचं स्वतःचं असतं. भरवसा आईने दिला. कोणतं खेळणं उचलायचं, ते किती वेळ हातात धरायचं, मोडलं तर काय करायचं, यातलं काहीच तिने दिलेलं नाही. तुमचं काम, तुम्ही निवडलेली माणसं, तुमचे हट्ट, तुमच्या चुका, हे सगळं खेळण्यांच्या बाजूचं आहे. शिवाय त्याच आईच्या हाताखाली ताईही वाढल्या. तुम्ही दोघं एकसारखे आहात का? नाही ना. मग आईने "घातलं" तेवढंच माणसात असतं, हे कसं खरं मानायचं?

आणि मला एक विचारायचं आहे. मुलं अगदी ठणठणीत असतानाही त्यांच्या कपाळाला तुमचा हात जातो का? मला वाटतं जात असेल. तो हात आईचा म्हणा नाहीतर तुमचा म्हणा. तुमच्या मुलाला तो त्याच्या बाबांचा हात म्हणूनच आठवणार आहे.

आता ताईंकडे येते. पत्रात तुम्ही आईची माया आणि ताईची माया दोन वेगवेगळ्या खात्यांवर मांडली आहे. मला ती तशी वेगळी दिसत नाही. ज्युडी डन आणि कॅरल केंड्रिक या दोघींनी इंग्लंडमधल्या केंब्रिज इथे ४० कुटुंबांच्या घरी जाऊन, दुसरं मूल जन्माला यायच्या आधीपासून, निरीक्षणं केली. त्यांचं काम १९८२ साली प्रसिद्ध झालं. काही घरांत आई पहिल्या मुलाशी तान्ह्या बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलायची. बघ बरं, का रडत असेल हा? तुला बघून हसला वाटतं. त्याला काय हवं असेल? अशा घरांतली भावंडं साधारण वर्षभराने पाहिली तर एकमेकांशी जास्त मायेने वागताना दिसली. म्हणजे भावंडांमधली माया पुष्कळदा आईच्या बोलण्यातून वाट काढत येते. तुमच्या आईने त्यासाठी काही शिकून घेतलं नसेल, पण ताई सहा वर्षांची असताना घरात तान्हं बाळ आलं तेव्हा ती काहीतरी बोलली असेलच. रात्रपाळीला निघताना दारात उभी राहून ती ताईला काय सांगून जायची? तुम्ही तेव्हा झोपलेले असाल किंवा रडत असाल. ते फक्त ताईंना माहीत आहे. तुम्ही त्यांना हे कधी विचारलंय का?

बहुतेक नसेल. त्याचं कारण मला असं दिसतं. आई आपलं मन न सांगताच ओळखते, निदान लहानपणी तरी. भावंडाचं तसं नसतं. त्याला आपलं मन सांगावं लागतं, पटवावं लागतं, आणि त्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाजही घ्यावा लागतो, मग ते खेळण्यासाठी असो नाहीतर भांडण्यासाठी. दुसऱ्यालाही एक मन आहे, त्याला माहीत असलेलं आणि मला माहीत असलेलं वेगळं असू शकतं, ही समज साधारण चौथ्या वर्षाच्या आसपास येते. मुलांना एक छोटी गोष्ट सांगून ती तपासतात. एका मुलाने वस्तू कपाटात ठेवली आणि तो बाहेर गेला. मागे कोणीतरी ती दुसरीकडे हलवली. तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुधा म्हणतं, ती आता आहे तिथे. परत आलेल्या मुलाला हलवाहलव माहीत नाही, हे त्याच्या ध्यानात येत नाही. जोसेफ पर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवलं, की भावंडं असलेल्या मुलांना ही गोष्ट लवकर उमगते. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत ते तितकं ठळक दिसलं नाही. पण भावंडांत वाढलेल्या माणसाला त्याचं नवल वाटू नये.

तुमच्या बाबतीत या शिकण्यातला अर्धा भाग राहून गेला. ताईंनी तुमचं मन ओळखलं. त्यांचं मन ओळखायची पाळी तुमच्यावर आली नाही, कारण त्या आईच्या जागी उभ्या होत्या आणि मुलं आईला "तुला कसं वाटतं" असं विचारत नाहीत. तुम्ही आज त्यांना पुन्हा त्याच जागी बसवायला निघालात. म्हणून मी म्हणते, ताईला ताईच राहू द्या. भाऊ आणि बहीण, असं तुमचं नातं जेमतेम सुरू होतंय, चाळिशी उलटल्यावर का होईना.

त्याचं मोल थोडं नाही. हार्वर्डमध्ये १९३८ साली सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात तरुण मुलांचं पुढचं सगळं आयुष्य टिपलं गेलं. त्यातल्या २२९ पुरुषांच्या नोंदी तपासून रॉबर्ट वॉल्डिंगर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलं, की वयाच्या विशीआधी ज्यांचे भावंडांशी संबंध दुरावलेले होते त्यांना पन्नाशीपर्यंत तीव्र नैराश्य येण्याचं प्रमाण जास्त होतं. आईवडिलांशी असलेल्या संबंधांचा परिणाम, भावंडांचं नातं आणि घरातला नैराश्याचा इतिहास हिशेबात घेतल्यावर, तसा वेगळा दिसला नाही. हे फक्त पुरुषांवरचं काम आहे आणि यावरून कोणाचं भविष्य सांगता येत नाही. पण आईच्या मायेबद्दल आपण आयुष्यभर बोलतो, भावंडाला मात्र गृहीत धरतो. ते बरोबर नाही, एवढं मला यातून जाणवतं.

आता एक काळजी घ्या. हे सगळं वाचून ताईंच्या बालपणाची कीव करायला जाऊ नका. कीवही त्यांना दुखवेल. कवाई नावाच्या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, आजारपण, घरातली भांडणं अशी अनेक संकटं लहानपणीच वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं पुढे खंबीर, कर्तबगार, मायाळू माणसं झाली. त्यांच्यापाशी काय होतं? एक तर, घट्ट धरून ठेवणारं निदान एक माणूस. ती आईच असायची असं नाही. कधी आजी, कधी मोठं भावंड. आणि वर्नर यांनी आणखी एक नोंदवलं, ते मला फार मोलाचं वाटतं. यातल्या अनेक मुलांवर लहानपणी खरोखरीची जबाबदारी होती, धाकट्या भावंडांना सांभाळण्याची. म्हणजे तुम्हाला ताई होती हे जसं तुमच्या कामी आलं, तसं ताईला तुम्ही होतात हे तिच्याही कामी आलं असेल. अंधारात एक चार वर्षांचा जीव तिच्या भरवशावर होता. त्याला धीर देता देता तिलाही धीर आला असेल. तुमच्या पत्रात तुम्ही फक्त घेणारे आहात. त्या अंथरुणात तुम्हीही काहीतरी देत होतात, नकळत.

पण जबाबदारी कोणी पाहिलीच नाही, तिला नावच दिलं नाही, की तिचं ओझं होतं. लहान वयात आईबापाचं काम केलेली माणसं माझ्याकडे येतात. पन्नाशी-साठीची बाई येते, सगळं घर तिने उभं केलेलं असतं, आणि ती बोलता बोलता एकाच ठिकाणी थांबते. तिला कोणाकडून काही परत नको असतं. तिला कोणीतरी कधीतरी म्हणायला हवं होतं, "तू तेव्हा किती लहान होतीस गं." एवढं एकच वाक्य. ते तुम्ही ताईंना म्हणा. फोनवर नको, मेसेजमध्ये तर मुळीच नको.

पैशांबद्दल थोडक्यात. देण्यात चूक नव्हती, पण वेळ आणि शब्द चुकले. परतफेड म्हटलं की वही आली, आणि वही आली की ती मिटवता येते. ताईंना वाटलं असेल, आई गेली आणि हा हिशेब मिटवून मोकळा होतोय. ते पैसे पुन्हा पाठवू नका. उद्या त्यांचं काही अडलं, दुखणंखुपणं आलं, तर बोलावण्याची वाट न बघता जा आणि लागेल ते करा. तेव्हा त्यांना पैसे घ्यायला जड जाणार नाही. बारावीनंतर शिक्षण सुटल्याची खंत त्यांना आहे की नाही, हे मात्र आपण इथे बसून ठरवायला नको. असेल, नसेलही. विचाराल तेव्हा कळेल.

मुलीला "आत्यासारखी हो" म्हणणं आजपासून बंद करा. हे मी जरा ठासून सांगते. ताईंनी जे केलं ते घरात रात्री मोठं माणूस नव्हतं म्हणून. तुमच्या घरात मोठी माणसं आहेत. मुलीने भावाला सांभाळावं, त्याच्या बुटांची नाडी बांधावी, त्याच्याशी कडाकडा भांडावं, आणि कधी त्याने हाक मारली तर "झोपले मी" म्हणून कूस बदलावी. तिला तेवढी मुभा हवी. तिच्या आत्याला ती नव्हती. दोघांमध्ये माया रुजावी असं वाटत असेल तर उपदेशापेक्षा एकाला दुसऱ्याच्या मनाबद्दल विचारत जा. पाच वर्षांच्या मुलालाही विचारा, "ताई आज गप्प का आहे रे, तुला काय वाटतं?" तुम्हाला जे ४३व्या वर्षी शिकावं लागतंय ते त्याला आत्ताच येईल.

आईच्या निम्मं तरी देता येईल का, ही धास्तीही सोडा. डोनल्ड विनिकॉट हे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक म्हणत, की मुलाला परिपूर्ण आई लागत नाही, पुरेशी चांगली आई लागते. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आई आणि बाळ यांचे चेहरे समोरासमोर टिपून पाहिले. चांगलं जमणाऱ्या जोड्यांतही दोघांचे सूर जुळलेले असतात ते साधारण एक तृतीयांश वेळ. बाकी वेळ चुकतं आणि पुन्हा जुळवलं जातं. तुमच्या आईचंही चुकलं असेल. रात्रभर काम करून आलेली बाई सकाळी कधी खेकसली नसेल, असं होईल का? तुम्हाला ते आठवत नाही, कारण तिने नंतर ते सांधून घेतलं असणार. ताईंना कदाचित आठवत असेल.

इथे मला माझ्या घरचं सांगावंसं वाटतं. माझी आई गेल्यावर दादा आणि मी तिचं कपाट आवरत होतो. दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. घड्या घालता घालता तो सहज म्हणाला, "ही साडी नेसून ती गायला बसायची." मी विचारलं, "कोण?" मी आईला आयुष्यात कधी गाताना ऐकलं नव्हतं. साधं गुणगुणतानाही नाही. दादाच्या लहानपणी ती रोज गायची. माझ्या जन्माच्या आसपास घरात बरंच काही घडलं आणि ती गप्प झाली. तो सांगत राहिला आणि मी साडी मांडीवर घेऊन बसून राहिले. आम्हा दोघांची आई एकच होती आणि तरीही त्याची वेगळी, माझी वेगळी. त्याची आई मला त्या दुपारी पहिल्यांदा भेटली. ती गेल्यानंतर.

ताईंकडेही तुम्हाला न भेटलेली एक आई आहे. वडील असतानाची, रात्री घरात झोपणारी, कदाचित हसरी. दहा वर्षं ताईंनी ती पाहिली आहे. तुमच्याकडेही अशी एक आहे, जी ताईंना भेटली नसेल. ताई नोकरीला जायला लागल्यावर दिवसा घरात असलेली आई तुमच्या एकट्याच्या वाट्याला आली होती ना?

तेव्हा एकटे जा. बायको-मुलांना या वेळी नेऊ नका, कागदपत्रं तर घरीच ठेवा. ती जुनी पुस्तकं अजून असतील तर त्यातलं एखादं घेऊन जा आणि समासातली ती ओळ दाखवून विचारा, हे कोणासाठी लिहिलं होतंस. मेसेजबद्दल माफी मागा, पण लांबण लावू नका. "आई म्हणालो ते चुकलं. तुझीही आई गेली, हे माझ्या लक्षातच आलं नाही." बस. मग त्यांना बोलू द्या. पहिल्या भेटीत त्या फारशा बोलल्या नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका आणि महिनाभर गायबही होऊ नका. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. जिला ३९ वर्षांत कोणी विचारलेलं नाही, तिला उत्तर सापडायला वेळ लागणारच.

राहिला तो आईचा व्हॉइस मेसेज. अँथनी डिकॅस्पर आणि विल्यम फायफर यांनी १९८० साली एक प्रयोग केला. जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं चोखणी चोखण्याची लय बदलायची, कारण तशी लय धरली की परक्या बाईऐवजी स्वतःच्या आईचा आवाज ऐकू यायचा. इतक्या आधीपासून तो आवाज आपल्याला हवा असतो. तो ऐकायला तुमचा हात धजत नाही, हे मी समजू शकते. त्याची सक्ती करू नका. फक्त एवढं करा, की त्याची एक प्रत फोनबाहेर कुठेतरी साठवून ठेवा. फोन बिघडतात, हरवतात.

आणि तो ताईंना पुढे पाठवू नका. तुमचं दोघांचं जरा बोलणं सुरू झालं की समोरासमोर बसून, फोन मधे ठेवून, दोघांनी मिळून ऐका. चौदा सेकंदांचाच आहे. ऐकून झाल्यावर त्या रडल्या तर "रडू नकोस" म्हणू नका, तुम्हाला रडू आलं तर आवरू नका. त्या वेळी कोणी कोणाची आई व्हायचं नाही. मग विचारा. त्यांच्या फोनमध्येही आईचा एखादा मेसेज असेल. त्यांनीही कदाचित तो अजून ऐकलेला नसेल.